शेवाळ आणा, पण आधी मर्यादा लिहा: पर्यावरणमंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

माननीय मंत्रिमहोदय,



समुद्रातल्या शेवाळाने सांडपाण्यातली औषधे ओढून घेता येतात, असे सांगणारे शोधनिबंध गेली काही वर्षे ढिगाने निघत आहेत. त्यांच्या आधाराने कुणीतरी लवकरच आपल्या टेबलावर प्रस्ताव ठेवील, अशी माझी अटकळ आहे. एवढा लांब किनारा, त्यावर फुकट येऊन पडणारे शेवाळ आणि हाकेच्या अंतरावर औषध कारखान्यांच्या वसाहती. प्रस्ताव लिहिणाऱ्याला याहून सोयीचे काय हवे? शिवाय विषय ‘हरित’. उद्घाटनाला नारळ फोडायला समुद्रकिनारा तयारच.

तो प्रस्ताव आला तर आपण तो फेटाळू नये. त्यावर सही करण्याआधी मात्र एक कागद करून घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र. मी चिपळूणला राहते. नोकरीची सगळी वर्षे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. माझे बरेच विद्यार्थी लोट्याच्या एमआयडीसीत केमिस्ट आहेत, काही सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरच (ईटीपी) आहेत. तेव्हा कारखान्यांशी माझे वैर नाही आणि शेवाळाशी तर नाहीच.

आधी प्रश्न किती मोठा आहे ते सांगते. त्याचे सगळ्यात स्पष्ट मोजमाप आपल्या शेजारच्या राज्यात झाले. हैदराबादजवळच्या पटनचेरूत त्या वेळी नव्वदेक औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामायिक प्रक्रिया केंद्रात (सीईटीपी) येत असे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाचे योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथले पाणी तपासले आणि २००७ साली निष्कर्ष छापले. लक्षात घ्या, हे पाणी प्रक्रिया होऊन बाहेर पडलेले होते. त्यात सिप्रोफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले. ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही इतके औषध नसते. तिथे ते लिटरला दोन-तीन मिलिग्रॅमच्या आसपास असते. त्या एका केंद्रातून दिवसाला सुमारे ४५ किलो सिप्रोफ्लोक्सासिन बाहेर जात होते. त्या वेळच्या नव्वद लाख वस्तीच्या स्वीडनला ते पाच दिवस पुरले असते.

हे पाणी तेव्हा ज्या ओढ्यांत जात असे, ते पुढे मांजरेला मिळतात. मांजरा आपली. तिचा उगम बीड जिल्ह्यात, पाटोद्याच्या बाजूच्या बालाघाटच्या डोंगरात. लातूरची तहान भागवून, कर्नाटकातून वळसा घेऊन ती तेलंगणात उतरते. तिथे जे झाले ते आपल्या खालच्या अंगाला झाले, हे खरे. पण त्याच जातीचे कारखाने तारापूरला आहेत, लोटे परशुरामला आहेत, महाडला, पाताळगंगेला आणि कुरकुंभला आहेत. आणि मुळात देशातले प्रतिजैविकांचे कारखानदारी उत्पादन सुरू झाले तेच आपल्याकडे. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ सालची, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने उभी राहिलेली. ‘पिंपरी’ हे नाव अनेकांनी तिथे बनणाऱ्या पेनिसिलिनमुळे ऐकले. त्या अभिमानाचा वाटा घ्यायचा, तर मागे उरलेल्या पाण्याचाही घ्यावा लागेल.

सिप्रोफ्लोक्सासिनच्या बाबतीत पाण्यातल्या जिवाणूंमध्ये औषधाला दाद न देण्याची सवय वाढीला लागू नये, म्हणून शास्त्रज्ञांनी सुचवलेली पातळी लिटरला ०.०६४ मायक्रोग्रॅम आहे. पटनचेरूचा आकडा तिच्या पावणेपाच लाख पटींहून जास्त भरतो. इतक्या दाट पाण्यात जिवाणू मरतात; जे मरत नाहीत, ते आपला गुण शेजाऱ्यांना देतात, जात वेगळी असली तरी देतात. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ साली जगभर १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज लॅन्सेटने २०२२ मध्ये छापला. त्यातल्या किती मृत्यूंचा धागा कारखान्याच्या नळापर्यंत जातो, ते कुणाला सांगता येणार नाही. ओढ्यातला जिवाणू नावगाव सांगत नाही.

आता एक साधा हिशेब मांडते. ईटीपीच्या आउटलेटला आपले अधिकारी सॅम्पल घेतात तेव्हा मुख्यतः पाहतात ते सामू, बीओडी, सीओडी, क्षार, तरंगणारा गाळ. सीओडी म्हणजे पाण्यातला सेंद्रिय माल जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचे माप. ही चाचणी आंधळी आहे. साखर, स्टार्च, फिनॉल, सिप्रोफ्लोक्सासिन, तिला सगळे सारखेच. सिप्रोफ्लोक्सासिनचा रेणू पूर्ण जाळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १.७ पट ऑक्सिजन लागतो, हे बारावीचा मुलगाही समीकरण मांडून काढू शकतो. म्हणजे पटनचेरूच्या त्या ३१ मिलिग्रॅमचा सीओडी येईल ५२ च्या आसपास. पाणी नदीत सोडायची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. बाकी पाणी जरा बरे असले, तर जगातले हे सर्वांत औषधी सांडपाणी सीओडीत पास होईल, आणि रिपोर्टवर ‘मर्यादेत’ असा शिक्का बसेल. तो शिक्का खोटाही नसेल.

हे दिल्लीला कळत नव्हते असे नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औषध कारखान्यांच्या सांडपाण्याच्या मानकांचा मसुदा काढला. त्यात १२१ प्रतिजैविकांची नावे होती आणि प्रत्येकापुढे सांडपाण्यात किती चालेल त्याचा आकडा होता. जगात असे करणारा पहिला मोठा देश आपण ठरू, असे वाटायला लागले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली, तेव्हा तो तक्ता त्यात नव्हता. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविक कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या; पण मार्गदर्शक सूचना म्हणजे सल्ला, मोडला तर दंड नाही.

ही मर्यादेची जागा मोकळी असताना शेवाळाचा प्रकल्प आला, तर काय होईल ते मला दिसते आहे. प्रकल्पाचा फलक लागेल, शेवाळाच्या टाकीचे फोटो निघतील, आणि ‘औषधांचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटले’ असे कुणीतरी सांगेल. कशाच्या ८० टक्के? मर्यादाच नाही म्हटल्यावर उरलेले २० टक्के कायदेशीर की बेकायदेशीर, ते कोण ठरवणार?

एवढे बोलून आता शेवाळाकडे येते, कारण ते खरोखर गुणाचे आहे.

आपल्याकडच्या खडकाळ किनाऱ्यांवर पावसाळा सरला की सरगॅसम जातीचे तपकिरी शेवाळ वाढते. फांद्यांना बारीक हवेचे फुगे असतात. पाय पडला की टचटच फुटतात. अशा तपकिरी शेवाळांच्या पेशीभित्तीत अल्जिनेट नावाची लांबलचक साखळी असते. नाव अनोळखी वाटेल, पण वस्तू ओळखीची आहे. दात बसवायच्या आधी डेंटिस्ट तोंडात जो गुलाबी लगदा दाबून माप घेतात, तो अल्जिनेटचाच. आइस्क्रीममध्येही ते असते.

याचा एक प्रयोग मी दरवर्षी मुलांकडून करून घेत असे. सोडियम अल्जिनेटची भुकटी पाण्यात घातली की आधी गुठळ्या होतात. घाई केली तर त्या शेवटपर्यंत सुटत नाहीत. धीराने ढवळत राहिले की घट्ट, पारदर्शक द्राव होतो. तो सिरिंजमध्ये भरायचा आणि कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचा. थेंब पाण्यात पडल्या पडल्या त्यावर साय धरते आणि तो साबुदाण्याएवढा मणी होऊन तळाशी बसतो. अल्जिनेटच्या साखळीवर ऋणभाराचे गट असतात, कॅल्शियमवर दोन धनभार. एक कॅल्शियम दोन साखळ्यांना एकत्र बांधतो, म्हणून मणी. हे मणी गाळून दोन परीक्षानळ्यांत घालायचे. एकीत मिथिलीन ब्लूचे निळे पाणी, दुसरीत मिथिल ऑरेंजचे. दुसऱ्या दिवशी येऊन पाहिले की पहिल्या नळीतले पाणी फिके आणि मणी गडद निळे. दुसऱ्या नळीत मणी तसेच, पाणीही तसेच नारिंगी.

मिथिलीन ब्लूवर धनभार असतो, मिथिल ऑरेंजवर ऋणभार. शेवाळाला पहिला आवडतो, दुसरा नको असतो. सगळी गोम इथेच आहे, आणि ‘शेवाळ औषधे शोषते’ या तीन शब्दांत ती कुठेच दिसत नाही.

कारण औषधे म्हणजे काही एक पदार्थ नव्हे. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनवर पाण्यात धनभार असतो. त्याला शेवाळ धरू पाहील. सिप्रोफ्लोक्सासिन सामूप्रमाणे रूप बदलते: पाणी आम्लधर्मी असले तर धनभारित, उदासीन असले तर एकाच रेणूवर दोन्ही भार. सामू साधारण चार ते सहाच्या मध्ये ठेवला तर शेवाळाशी त्याचे चांगले जमते. त्याहून फार खाली नेला, तर शेवाळाच्या स्वतःच्या गटांवरचाच भार जातो आणि धरणारा हातच उरत नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांच्यावर नदीच्या पाण्यात ऋणभार. म्हणजे मिथिल ऑरेंजचीच गत. फिट्सच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिनवर भारच नसतो, ते ना इकडचे ना तिकडचे. नेहमीच्या सांडपाणी केंद्रातूनही ते जवळजवळ जसेच्या तसे पार होते.

डायक्लोफेनॅकचे नाव घेतले म्हणून आठवण करून देते. गुरांना दिलेल्या याच औषधाने, ती गुरे मेल्यावर त्यांच्यावर ताव मारणारी भारतातली गिधाडे जवळपास संपवली. २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. आमच्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी म्हसळ्याच्या बाजूला उरलीसुरली घरटी राखण्यासाठी केवढे कष्ट घेतले, ते कोकणाला माहीत आहे. औषध योग्य शरीराबाहेर गेले की काय करू शकते, याचा याहून ढळढळीत पुरावा नाही. आणि नेमके हेच औषध साध्या शेवाळाच्या हाती लागत नाही.

यावर तोड आहे. शेवाळ कमी हवेत तापवून त्याचा कोळसा करायचा. कोळशाची पकड भारावर तेवढी अवलंबून नसते. तेलकट, वलये असलेले रेणू त्याला चिकटतात. डायक्लोफेनॅक, कार्बामाझेपिन असे बरेच काही त्यात अडकते. पण समुद्रशेवाळात क्षार फार. कोळसा करण्याआधी आणि नंतर तो धुवावा लागतो, नाहीतर वजनाचा मोठा हिस्सा राखच. आणि इथे मी कोकणी बाजूने एक प्रश्न विचारते. कोळसाच करायचा तर करवंटीचा का नको? त्याचा सक्रिय कोळसा पाणी शुद्धीकरणात जगभर वापरतात, तो कसा वागतो ते पन्नास वर्षे माहीत आहे. शेवाळाचा खरा फायदा मला दोन ठिकाणी दिसतो: धनभारित औषधांसाठी कोळसा न करता ते थेट वापरता येते, आणि कोळशाची भुकटी अल्जिनेटच्या मण्यांत बांधून ठेवता येते, म्हणजे ती पाण्याबरोबर वाहून जात नाही. करवंटीचा कोळसा, शेवाळाचा मणी. कोकणाने एकत्र करावे असे हे लग्न आहे. पण ‘सीवीड टेक्नॉलॉजी’ म्हणून ते विकायला कमी चमकदार, त्यामुळे कुणी सुचवील असे वाटत नाही.

शेवाळ ठेवायचे कुठे, हा पुढचा प्रश्न, आणि माझ्या मते यावरच प्रकल्प तरेल किंवा बुडेल. अशा पदार्थाला औषध किती चिकटेल, ते पाण्यात औषध किती दाट आहे यावर ठरते. नदीत, खाडीत औषध फार पातळ झालेले असते. तिथे टनावारी शेवाळ बुडवून ठेवले तरी त्याच्या अंगाला चिमूटभर लागेल. खाडीच्या तोंडाशी शेवाळाची शेती लावून ‘खाडी शुद्ध करू’ असे कुणी म्हणाले, तर त्याला नम्रपणे चहा पाजून परत पाठवावे. वाढते शेवाळ पाण्यातले नत्र आणि स्फुरद चांगले खाते, त्यासाठी ते जरूर वाढवा. औषधांसाठी जागा ती नव्हे.

सीईटीपीतही उशीर झालेला असतो. तिथे शंभर कारखान्यांचे पाणी एकत्र झालेले असते. कुणाचे मीठ, कुणाचे सॉल्व्हंट, कुणाचा रंग. त्यातले सोडियम आणि कॅल्शियम शेवाळावरच्या त्याच जागांसाठी भांडतात आणि संख्येने ते औषधाच्या हजारो पट असतात. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाण्यात केलेल्या प्रयोगाचा आकडा इथे कामाचा नाही, हे मी शोधनिबंध वाचणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. पाणी कुठले होते ते आधी बघा, मग निष्कर्ष वाचा.

उरते ती एकच जागा: कारखान्याच्या आत, ज्या विभागात प्रतिजैविक बनते तिथून निघणारी नळी, बाकीच्या पाण्यात मिसळायच्या आधी. तिथे औषध दाट, पाणी थोडे, सामू हवा तसा ठेवता येतो. पटनचेरूचा आकडा घेऊन अंदाज बांधू. समजा, एक किलो वाळलेले शेवाळ किंवा त्याचे मणी ५० ग्रॅम औषध धरतात. हे मी उदारपणे धरले आहे. दिवसाला ४५ किलो औषध, म्हणजे रोज ९०० किलो वाळलेला माल. ओल्या शेवाळात दहातले आठ-नऊ भाग पाणीच असते, म्हणजे रोज साडेचार ते नऊ टन ओले शेवाळ. एका औषधासाठी, एका केंद्राला. यातून दोन गोष्टी कळतात. एक, हा माल किनाऱ्यावरून टोपलीने वेचून आणायचा नाही. दुसरी, ४५ किलो औषध गटारात सोडणाऱ्या उद्योगाने आधी आपली प्रक्रिया सुधारावी. तो त्याचाच माल आहे. शेवाळ शेवटच्या काही ग्रॅमसाठी.

किनाऱ्यावरून वेचण्याबद्दलही लिहिलेच पाहिजे, कारण ‘फुकट शेवाळ’ हा शब्द ऐकला की खडक खरवडायला माणसे पाठवली जातील. खडकावरचे सरगॅसम म्हणजे माशांच्या पिल्लांची लपायची जागा. ती खरवडली की पुढच्या वर्षीची मासळी खरवडली. वाळूवर आपोआप येऊन पडलेले घ्या, नाहीतर अल्जिनेट काढणाऱ्या उद्योगाचा चोथा घ्या. शेती करायची म्हटली, तर सध्या मत्स्यसंपदा योजनेतून ज्या कप्पाफायकसला मोठे प्रोत्साहन मिळते आहे, ते लाल शेवाळ. त्यात अल्जिनेट नसते, कॅराजीनन असते. तो सगळा वेगळा बाजार आहे. शिवाय मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळ याच शेवाळाने प्रवाळ झाकून टाकल्याचा अनुभव गाठीशी आहे. मालवणला सागरी अभयारण्य आहे. तिथे घाईने दोऱ्या बांधू नयेत.

आता ज्याची मला खरी भीती आहे ते. शेवाळ औषध नष्ट करत नाही, धरून ठेवते. पाण्यातले औषध घनपदार्थात गेले, इतकेच. वापरलेले शेवाळ म्हणजे घातक कचरा. तो जाळायचा तर नीट भट्टीत, तापमान राखून. पण महाराष्ट्रात शेवाळाला आणखी एक ओळख आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना विचारा: शेवाळाचा अर्क फवारणीत, ठिबकमधून, सगळीकडे चालतो. कृषी सेवा केंद्रात त्याच्या बाटल्यांची रांग लागलेली असते. सिप्रोफ्लोक्सासिन प्यायलेले शेवाळ ‘सेंद्रिय खत’ म्हणून गोणीत भरून घाटावर जाणार नाही, याची हमी आज कोण देईल? वाईट हेतू असायचीही गरज नाही. कारखान्याला कचरा नकोसा, ट्रान्सपोर्टरला भाडे हवे, शेतकऱ्याला स्वस्त खत हवे. तिघेही प्रामाणिक असतील आणि माल शेतात जाईल. तेव्हा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हे लिहून घ्या: सांडपाण्याला लागलेले शेवाळ खत, पशुखाद्य किंवा खाद्य म्हणून कुठेही जाणार नाही, आणि आत आलेल्या प्रत्येक किलोचा हिशेब भट्टीपर्यंत राहील.

जिवंत किंवा मेलेल्या जैविक पदार्थांनी पाणी साफ करण्याची कल्पना नवी नाही. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात बोहुमिल वोलेस्की यांनी सरगॅसमने जड धातू ओढून दाखवले, त्याला आता तीनएक दशके होऊन गेली. निबंध हजारो निघाले, कंपन्याही निघाल्या. कारखान्यांत मात्र ते फारसे रुजले नाही. शेवाळ दर हंगामाला, दर किनाऱ्याला वेगळे. कृत्रिम रेझिन दर वेळी तंतोतंत सारखे. आणि वापरून झालेल्या शेवाळाचे काय करायचे, याचे स्वस्त उत्तर कुणाकडे नव्हते. आपण सही करताना हा इतिहास समोर असू द्या.

खर्च कोणी करायचा, याबाबत युरोपात आत्ता मोठी झोंबाझोंबी चालू आहे. शहरी सांडपाण्याबाबतचा नवा निर्देश १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. मोठ्या शहरांच्या केंद्रांत औषधे काढणारा चौथा टप्पा बसवायचा आणि त्याचा किमान ८० टक्के खर्च औषधे व सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्यांकडून घ्यायचा, असे त्यात आहे. औषध कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आहेत. स्वित्झर्लंडने वेगळा मार्ग काढला: २०१६ पासून निवडक केंद्रांत ओझोन किंवा सक्रिय कोळसा, आणि त्यासाठी माणशी वर्षाला जास्तीत जास्त नऊ फ्रँक. शेवाळ दोन्हीकडे नाही. जुनी, कंटाळवाणी, खात्रीची साधने आहेत.

घरगुती सांडपाण्यातल्या औषधांचा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. आपल्यातले कितीतरी जण मेटफॉर्मिन घेतात, ते शरीरात जवळजवळ न बदलता लघवीवाटे जाते, हे खरे. पण ज्या राज्यात सगळ्या गावांचे मैलापाणीच केंद्रापर्यंत पोचत नाही, तिथे चौथ्या टप्प्याच्या गप्पा थोड्या लवकर होतील. कारखान्याच्या नळीचे तोंड एक असते आणि पत्ता ठाऊक असतो. तिथून सुरुवात करावी.

आणि ती सुरुवात आपल्याला दिल्लीची वाट न पाहता करता येते. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधला नियम ३(२) काढून पाहावा. केंद्राच्या मानकांपेक्षा कडक मानके घालण्याचा अधिकार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला आहे. कारणे लेखी नोंदवावी लागतात, इतकेच. कारणे नोंदवायला वरचे दोन-तीन परिच्छेद पुरावेत. २०२० च्या मसुद्यातला १२१ नावांचा तक्ता आजही मिळतो. तो सगळा नको असेल तर महाराष्ट्रात प्रत्यक्ष बनणाऱ्या दहा-पंधरा प्रतिजैविकांपासून सुरू करा, आणि प्रत्येक रेड कॅटेगरी (सर्वाधिक प्रदूषणक्षम) औषध कारखान्याच्या संमतिपत्रात ते आकडे घाला.

‘एवढे सूक्ष्म मोजणार कसे?’ असे आपल्याला सांगितले जाईल. या प्रश्नावर मला हसू येते. २००३ साली युरोपने आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचा अंश सापडला म्हणून माल नाकारला. काही वर्षांत ग्रेपनेट उभे राहिले. आज निर्यातीच्या द्राक्षाचा घड बागेच्या गट क्रमांकापर्यंत मागे शोधता येतो, आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखालच्या प्रयोगशाळा अब्जांशात अंश मोजतात. ज्या यंत्रावर ते मोजतात, त्याच जातीच्या यंत्रावर पाण्यातले सिप्रोफ्लोक्सासिनही मोजले जाते. रॉटरडॅमच्या ग्राहकासाठी जे जमले, ते नवापूर-दांडीच्या मच्छीमारासाठी जमू नये? तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेला हरित लवादाचे दार ठोठावावे लागले. त्यांच्या हातात औषधाचा एकही अधिकृत आकडा असण्याची सोय आपल्या नियमांत नव्हती, अजूनही नाही.

मर्यादा लिहिली, मोजायला लागलो, की मग शेवाळवाल्यांना, करवंटीवाल्यांना, ओझोनवाल्यांना सगळ्यांना बोलवा. एकाच कारखान्याच्या एकाच नळीवर, खऱ्या पाण्यात, वर्षभर चालवायला सांगा, पावसाळ्यासकट. ज्याचे पाणी मर्यादेत येईल आणि ज्याच्या कचऱ्याचा हिशेब जुळेल, त्याला काम द्या. शेवाळ त्यात जिंकले, तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल. आणि जिंकले तर ते वेचून, धुऊन, वाळवून देणाऱ्या किनाऱ्यावरच्या बायकांचा दर किलोमागे आधी ठरवा, मध्यस्थाचा नंतर.

शेवटी आपल्या क्षेत्र अधिकाऱ्यांसाठी एक बारीकशी सूचना. सॅम्पलची बाटली तपकिरी काचेची असू द्या, बर्फाच्या पेटीत ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. सिप्रोफ्लोक्सासिन उजेडात तुटते. पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत दिवसभर जीपच्या डॅशबोर्डवर फिरलेले पाणी तपासले, तर त्यात आकडा कमी येईल आणि कारखान्याचा वकील तो रिपोर्ट फ्रेम करून लावील.

कळावे.

आपली,
चिपळूणची एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका